रात्री अडीचचा फोन: विभागप्रमुखांना एका सिस्टरचं खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांतले सर्व विभागप्रमुख, युनिट हेड आणि सीनियर डॉक्टर यांस,

सा. न. वि. वि.

१२ मेला तुम्ही आम्हाला गुलाब दिलात, केक कापलात आणि ‘सिस्टर म्हणजे रुग्णालयाचा कणा’ असं भाषणही केलंत. गुलाब चांगला होता. घरी नेऊन पाण्यात ठेवला, तीन दिवस टिकला. १३ तारखेच्या राउंडला त्याच कण्याला बारा जणांसमोर ‘अक्कल गहाण टाकलीय का’ असं विचारण्यात आलं. कारण काय, तर ट्रॉलीवर अर्ध्या इंचाचा टेप नव्हता.

मी ३१ वर्षं नर्सिंग करतेय. त्यातली अधली-मधली नऊ वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, बाकीची नवजात बाळांच्या कक्षात. एक जिल्हा रुग्णालय, एक मेडिकल कॉलेज आणि एक ट्रस्टचं हॉस्पिटल, एवढा माझा अनुभव. कुणाचंच नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, ‘ते तिथलं आहे, आपल्याकडे नाही हो तसं.’

तुम्हाला वाटेल, अपमानाचं गाऱ्हाणं घेऊन आली. तसं असतं तर पत्र एकतिसाव्या वर्षी नाही, पहिल्याच वर्षी लिहिलं असतं. पहिल्या वर्षी आम्ही लिनन रूममध्ये जाऊन रडायचो. पाचव्या वर्षी त्याच खोलीत चहा पिताना तुमची नक्कल करायला लागलो. (चांगली करतो.) कातडी कधीच निबर झालीय. मला बोलायचंय ते एका बाळाच्या पोटाबद्दल.

बरीच वर्षं झाली. सव्वा किलोचं बाळ, दहावा दिवस. नळीनं दूध चालू होतं, दर दोन तासांनी पंधरा मिली. दूध द्यायच्या आधी आम्ही सिरिंज लावून ओढून बघतो, पोटात आधीचं किती शिल्लक आहे ते. रात्री अडीचला सिरिंजमध्ये पाच मिली आलं आणि त्याला हिरवट झाक होती. टेप लावून पोट मोजलं, तर संध्याकाळपेक्षा दीड सेंटिमीटर जास्त. एरवी तळव्याला बोट लागलं तरी पाय ओढून घेणारं बाळ नुसतं पडून होतं.

आदल्याच रात्री मी सरांना दुसऱ्या एका बाळाच्या शुगरसाठी फोन केला होता. ‘एवढ्यासाठी उठवता? मग तुम्हाला पगार कशाचा मिळतो?’ म्हणाले आणि ठेवला. मोठं काही नाही, याहून वाईट रोज ऐकतो. पण त्या रात्री फोनपाशी उभी राहिले तेव्हा डोक्यात बाळ नव्हतंच, वाक्य होतं. ‘सर, पोट थोडं फुगलंय’ म्हणावं, तर ‘थोडंच ना?’ म्हणतील. ‘हिरवं’ म्हणावं, तर नक्की हिरवं की पिवळं? पुन्हा जाऊन सिरिंज दिव्याखाली धरून बघितली. तेवढ्यात जेआर, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट डॉक्टर, लेबर रूममधून आली. पंचवीस-सव्वीसची पोरगी, दोन दिवस झोपलेली नसावी. तिनंही पोटाला हात लावला. म्हणाली, ‘सिस्टर, दूध थांबवूया का? पण सरांना न विचारता...’ मग म्हणाली, ‘तुम्ही करा ना फोन.’ मी म्हटलं, ‘तुम्ही करा, तुम्ही डॉक्टर आहात.’ शेवटी दूध निम्मं केलं आणि ‘सकाळी राउंडला दाखवू’ असं दोघींनी मिळून ठरवलं.

आठच्या राउंडपर्यंत पोट कडक आणि चकचकीत झालं होतं. एक्सरेत आतड्याच्या भिंतीत हवा दिसली. एनईसी, म्हणजे कमी दिवसांच्या बाळांचं आतडं सुजून सडायला लागतं तो आजार. दुपारी बाळ सर्जरीला गेलं. वाचलं, पण आतड्याचा तुकडा काढावा लागला. पुढे दीड महिना आमच्याकडेच होतं. त्या साडेपाच तासांनी नेमका किती फरक पडला, हे छातीठोक कुणीच सांगणार नाही. दूध पूर्ण बंद करायचं, पोट रिकामं ठेवायचं, अँटिबायोटिक सुरू करायचं, एवढं मात्र अडीचलाच करता आलं असतं.

सरांनी विचारलं, ‘रात्री फोन का नाही केला?’ रागानं नाही विचारलं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. जेआरनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. उत्तर कुणीच दिलं नाही. ते आता देतेय.

पुढे एका ट्रेनिंगमध्ये एक प्रयोग ऐकला आणि अंगावर काटा आला. त्यातलं बाळ हुबेहूब आमचं होतं. प्रयोग इस्रायलमधला, २०१५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या जर्नलमध्ये छापून आलेला. नवजात अतिदक्षता कक्षांतल्या २४ टीम घेतल्या, डॉक्टर आणि नर्स एकत्र. सगळ्यांना सरावासाठी एकच केस: कमी दिवसांचं बाळ, तब्येत एकदम बिघडते, कारण एनईसी. परदेशातला एक तज्ज्ञ तुमचं काम बघणार आहे, असं सांगितलेलं. काही टीमशी तो तज्ज्ञ साधं, कामापुरतं बोलला. काहींना त्यानं ऐकवलं, की या देशातल्या वैद्यकीय सेवेचा दर्जा काही आपल्याला पटलेला नाही. समोरच्या टीमच्या कामाशी त्या शेऱ्याचा काही संबंध नव्हता. आपल्याकडच्या राउंडच्या मानानं तर याला कौतुकच म्हणायचं. पण तेवढ्यानंही त्या टीमचं निदान घसरलं आणि हातानं करायच्या गोष्टीही बिघडल्या. अभ्यास करणाऱ्यांनी कारणही शोधलं. माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी झाली होती, मदत मागेनाशी झाली होती. फोनपाशी उभ्या राहिलेल्या आम्ही दोघी, दुसरं काय.

कॉन्फरन्समध्ये तुम्ही मंडळी विमानाचं उदाहरण फार देता. पायलटसारखी चेकलिस्ट हवी, वगैरे. ते उदाहरण अर्धंच सांगितलं जातं. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफ बेटावर धुक्यात, धावपट्टीवरच दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा कॅप्टन म्हणजे बडं प्रस्थ. दुसऱ्यांना जंबो शिकवणारा, कंपनीच्या जाहिरातीत फोटो असलेला. विमानानं वेग घेतला तेव्हा फ्लाइट इंजिनियरला शंका आली, की समोरचं विमान अजून बाजूला झालं नसेल तर? त्यानं तसं विचारलंही. कॅप्टननं ठासून सांगितलं, झालंय. संपलं. चेकलिस्ट तर वैमानिकांकडे पूर्वीपासूनच होती. अशा अपघातांनंतर त्यांनी जे नवीन आणलं ते वेगळं होतं: कॅप्टनला ऐकायला आणि ज्युनियरला बोलायला शिकवणारं ट्रेनिंग. १९७९ मध्ये नासानं त्यावर कार्यशाळा घेतली, १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सनं ते आपल्या वैमानिकांना द्यायला सुरुवात केली.

आपण त्यातला कागद उचलला. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची सर्जरीची चेकलिस्ट तुम्हाला पाठ असेल. चीर द्यायच्या आधी ओटीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि आपलं काम मोठ्यानं सांगायचं, असं त्यात लिहिलंय. जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. आमच्या ओटीत हा कागद पेशंट टेबलवर यायच्या आधीच टिका मारून तयार असायचा. नावं सांगितल्याची टिकसुद्धा. एका सर्जनसमोर मी चार वर्षं स्क्रब होऊन उभी राहिले, त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं. ‘ए सिस्टर’वर भागायचं.

‘ए सिस्टर’चा विषय निघालाच आहे तर थोडं बोलते, कारण हे इस्रायल-अमेरिकेच्या अभ्यासात सापडायचं नाही. आपल्या भाषेत सॉरी-प्लीजची तितकी गरज पडत नाही. आपला आदर क्रियापदात बसलेला असतो. ‘आण’, ‘आणा’ आणि ‘आणता का जरा’ यांत काय फरक आहे ते चौथीतल्या पोरालाही कळतं. पंचविशीतला रजिस्ट्रार पन्नाशीच्या सिस्टरला ‘तू’ म्हणतो. तो घरी असा नसतो, आपल्या मावशीला तो ‘तू’ म्हणत असला तरी त्यात माया असते. इथं त्यानं तुम्हाला बघून उचललंय. तुमच्या युनिटमधली पोरं औषधांचे डोस पुस्तकातून शिकतात आणि बोलायचं कसं ते तुमच्याकडून.

आता एक गैरसमज काढून टाकते, नाहीतर ‘इमर्जन्सीत काय आरती ओवाळायची का’ हे उत्तर ठरलेलंच आहे. बाळ निळं पडलंय, छाती हलत नाहीये, अशा वेळी कुणी ‘कृपया’ म्हणत बसावं असं कुठल्याही सिस्टरचं म्हणणं नाही. ‘अ‍ॅम्ब्यू!’ ‘सक्शन!’ ‘अ‍ॅड्रेनालिन भरा!’ एका शब्दात बोला, ओरडून बोला, हात आपोआप चालतात. (अ‍ॅम्ब्यू म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी.) ‘अ‍ॅम्ब्यू द्या’ आणि ‘अ‍ॅम्ब्यू कुठं मेली?’ यांना वेळ सारखाच लागतो. पहिल्यात मी अ‍ॅम्ब्यू देते. दुसऱ्यात मी अ‍ॅम्ब्यू देते आणि पुढची पाच मिनिटं तुमच्या तोंडाकडे बघत राहते, बाळाकडे बघायचं सोडून.

मॅडमबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. त्या आमच्याकडे हेड म्हणून आल्या तेव्हा पहिल्या दिवशी राउंड सुरू व्हायच्या आधी त्यांनी रात्रपाळीच्या सिस्टरला विचारलं, ‘आज कुठलं बाळ तुम्हाला बरं वाटत नाहीये?’ शुगर, सॅच्युरेशन, वजन यातलं काही नाही, नुसतं ‘बरं वाटत नाहीये’. आठवडाभर आम्ही ‘सगळी ठीक आहेत मॅडम’ असं म्हणत राहिलो. सवयच तशी. मग एक दिवस आमची एक सिस्टर म्हणाली, ‘अकरा नंबर. का ते विचारू नका, पण अकरा नंबर.’ आम्हाला वाटलं, आता हिची काही खैर नाही. मॅडम काही न बोलता राउंड एकापासून सुरू करायचा सोडून थेट अकरावर गेल्या. त्या दिवसापासून वॉर्ड बदलला म्हटलं तरी चालेल. रात्री फोन केला की पलीकडून ‘हं, बोल गं’ एवढंच यायचं, झोपेतल्या आवाजात. बिनकामाचे फोन आम्ही त्यांना पुष्कळ केले, नाही म्हणत नाही.

त्या रागवायच्या नाहीत, असं मुळीच नाही. मला एकदा चांगलं झापलं, तेही फोन केला नाही म्हणून. पण खोलीत बोलावून, दार लावून, आधी ‘बसा’ म्हणून. त्या झापण्यातला शब्द न् शब्द मला अजून आठवतो. राउंडला खाल्लेल्या शेकडो बोलण्यांतलं एकही आठवत नाही, तेव्हा कान लाल झालेले तेवढे आठवतात.

त्यांच्या काळात आमचं इन्सिडेंट रजिस्टर फुगलं. आधी वर्षाला दोन-तीन नोंदी असायच्या, त्याही लपवता न येण्यासारख्या. आता सहा महिन्यांत पानं भरली. डोस अर्धा तास उशिरा. नळी चुकीच्या नंबरची. दोन आयांच्या दुधाच्या वाट्यांची अदलाबदल होता होता राहिली. एकीनं लिहिलं: पोटॅशियम क्लोराइडची (तसंच शिरेत गेलं तर हृदय थांबवणारं औषध) अँप्युल डिस्टिल्ड वॉटरची समजून हातात घेतली होती, लेबल वाचून परत ठेवली. घडलं काहीच नव्हतं. पूर्वीच्या राज्यात हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नसतं. दुसऱ्या दिवशी पोटॅशियम पाण्याच्या शेजारून उठून कुलपात गेलं. वरून मात्र विचारणा झाली, ‘तुमच्याच वॉर्डात एवढ्या चुका कशा वाढल्या?’ मॅडम म्हणाल्या, ‘चुका तेवढ्याच आहेत, आता दिसायला लागल्यात.’

मॅडमना ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण १९९० च्या दशकात अमेरिकेत एमी एडमंडसन या अभ्यासक बाईंनाही नेमका हाच धक्का बसला होता. त्या इस्पितळांच्या वॉर्डांत औषधांच्या चुका मोजायला गेल्या होत्या. चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील, अशी अपेक्षा. निघाल्या जास्त. खोलात गेल्यावर कळलं, की जिथं इनचार्जची भीती नव्हती तिथं माणसं चुका सांगत होती, आणि जिथं भीती होती तिथं दडवत होती. तेव्हा ज्यांचं रजिस्टर कोरं आहे त्या विभागप्रमुखांनी ते एनएबीएचच्या, म्हणजे रुग्णालयाचा दर्जा तपासायला येणाऱ्या मंडळींना अभिमानानं दाखवण्याआधी एकदा विचार करावा.

तुमचीही बाजू मला माहीत आहे. एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं, छत्तीस तासांच्या ड्यूट्या, नातेवाइकांचे अंगावर येणारे जमाव, वरून आकड्यांचा तगादा. राग कुठंतरी निघणार. तो उतारानं वाहतो: हेडकडून लेक्चररकडे, तिथून रजिस्ट्रार, जेआर, सिस्टर, मावशी. आणि मावशीच्या खाली कोण उरलं? वाटीत काढलेलं दूध घेऊन दाराशी उभी असलेली बाळाची आई.

या उतारावर मी मधोमध उभी आहे, म्हणून त्या रात्रीचा राहिलेला भाग सांगते. आजवर कुठं लिहिला नव्हता. बाळ सर्जरीहून परत आल्यावर तीन-एक आठवड्यांनी आमच्या मावशी जमीन पुसता पुसता म्हणाल्या, ‘सिस्टर, त्या रात्री त्याच्या लंगोटाला लाल लागलं होतं.’ घाण लंगोट बादलीत टाकताना त्यांनी बघितलं होतं. साधारण दोनच्या सुमाराला. माझ्या पाच मिलीच्या आधी! मी म्हटलं, ‘मग सांगितलं का नाहीत?’ अगदी सरांचाच प्रश्न, सरांच्याच सुरात. मावशी म्हणाल्या, ‘संध्याकाळी मी म्हटलं होतं ना, ह्याचे पाय गार लागतायत. तर तुम्ही म्हणालात, मावशी, तुम्ही तुमचं काम करा.’

म्हणाले होते. मला आठवतंय.

लंगोटाला रक्त हे काय आहे, ते तुम्हाला सांगायला नको. हिरव्या पाच मिलीसोबत ते कळलं असतं तर मी शब्द जुळवत बसले नसते. एका बाळाच्या बाबतीत तिघींकडे तीन तुकडे होते, मावशीकडे, माझ्याकडे आणि जेआरकडे, आणि जो ते जोडू शकला असता तो माणूस फोनच्या पलीकडे झोपलेला होता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. रडणं क्षीण झालंय का, दूध ओढत नाही का, हातपाय ढिले पडलेत का, पोट फुगलंय का, अंग गार लागतंय का. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. ‘पाय गार लागतायत’ हे वाक्य तिथं लक्षण म्हणून वहीत नोंदलं जायचं. माझ्या वॉर्डात त्यावर उत्तर मिळालं, तुमचं काम करा. ‘तुला काय कळतंय’ म्हणत गडचिरोलीतलं ते काम एक दिवसही चाललं नसतं, असं मला वाटतं.

मागणी फार मोठी नाही. नवीन पोस्ट मागत नाही, त्या मिळणार नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही फोनवर डोस सांगता तेव्हा मी तो परत म्हणून दाखवते. ‘पॉइंट फाइव्ह, म्हणजे शून्य पॉइंट पाच मिली, बरोबर सर?’ तेव्हा ‘एकदा सांगितलेलं कळत नाही का’ म्हणू नका. पॉइंट ऐकू आला नाही तर सव्वा किलोच्या बाळाला दहापट जातं. चेकलिस्टवर नावं सांगायची आहेत तर खरंच सांगा, दहा सेकंद लागतात. मॉप, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचं कापड, मोजताना कमी भरतोय असं सिस्टरनं म्हटलं तर टाके घालायचे थांबा. मी एकदा असं थांबवलं होतं, वीस मिनिटं शोधाशोध झाली आणि मॉप बकेटच्या चाकाखाली सापडला. सर्जन म्हणाले, ‘पोटात नव्हता ना, झालं तर मग.’ आणि पुढचा टाका घातला. त्यांच्या टेबलवर मी पुढची सगळी वर्षं मॉप जिवाच्या आकांतानं मोजले. आणि कुणाला झापायचंच असेल तर खोली आहे, दार आहे, खुर्ची आहे.

रिटायरमेंटला चार महिने उरलेत. मावशींना मी आता ‘बरं वाटत नाहीये असं कुठलं बाळ?’ हे विचारते. परवा त्यांनी सात नंबर सांगितला. सातला काही नव्हतं. नॅपी बदलायला झाली होती.

या महिन्यात माझ्या सहा नाइट लागल्या आहेत, चौदा तारखेपासून. फोन करीन.

आपली,
एक सिस्टर